सात जणांसाठी छोटी गाडी निवडताना: सुरुवात तिसऱ्या रांगेपासून

नवरा-बायको, दोन मुले आणि आई-वडील अशा सहा माणसांच्या घरात पाच आसनांची गाडी पहिल्या दिवसापासून अपुरी पडते. गौरी-गणपतीला गावी जायचे म्हटले की कोणीतरी एसटीने पुढे निघतो, किंवा एक मूल मांडीवर बसते आणि सगळे जण घाट संपेपर्यंत अवघडून बसतात. म्हणून अनेक कुटुंबे तीन रांगांच्या छोट्या गाडीकडे वळतात. मात्र शोरूममध्ये गेल्यावर त्यांच्यासमोर सनरूफ, मोठा टचस्क्रीन पडदा आणि मिश्रधातूची चाके येतात, आणि ज्या तिसऱ्या रांगेसाठी जास्तीचे पैसे मोजायचे आहेत तिच्यात कोणी बसूनही पाहत नाही. माझे मत असे आहे की निवड उलट्या दिशेने करावी. तिसऱ्या रांगेत कोण बसणार हे आधी ठरवावे, मग इंजिन आणि इंधन पाहावे, आणि रंग व सजावट यांचा विचार अगदी शेवटी करावा.

आधी वर्षातले दिवस मोजा

गेल्या वर्षाची दिनदर्शिका घेऊन बसा आणि सहा किंवा अधिक माणसे एकाच गाडीतून गेली असे दिवस मोजा. "गेलो असतो" असे दिवस धरू नका, खरोखर गेलेले दिवसच धरा. असे दिवस चार-पाचच निघाले, तर चांगली पाच आसनी गाडी घेऊन त्या दिवसांपुरती सात आसनी गाडी चालकासह भाड्याने घेणे स्वस्त पडते. एका फेरीला पाच हजार रुपये धरले तरी वर्षाचे वीस-पंचवीस हजार होतात. तीन रांगांच्या गाडीची जास्तीची किंमत, तिचे इंधन आणि रोजच्या गर्दीत ती लावण्याची अडचण या तिन्हींचा भार त्याहून मोठा असतो. उलट आई-वडील सोबत राहत असतील आणि महिन्यातून दोन-तीनदा सगळे मिळून बाहेर पडत असाल, तर तिसरी रांग ही चैन राहत नाही.

दिवस मोजून झाल्यावर मागे बसणाऱ्यांची नावे लिहा. आठ आणि अकरा वर्षांची मुले मागे बसणार असतील, तर चार मीटरच्या आतली गाडी पुरते. मात्र ही मुले पाच वर्षांत तेरा आणि सोळा वर्षांची होतील, आणि गाडी साधारण आठ-दहा वर्षे वापरली जाते. मागे प्रौढ माणसे बसणार असतील, तर यादीतून निम्म्या गाड्या इथेच गळतात. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना तिसऱ्या रांगेत बसवण्याचा विचार मात्र कोणत्याही गाडीत करू नये. त्यांची जागा पुढची डावी किंवा दुसऱ्या रांगेतली दाराजवळची असते, आणि त्याच हिशेबाने मुले मागे जातात.

लांबी आणि कर यांचा संबंध समजून घ्या

२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींवरील जीएसटीची रचना बदलली. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाड्यांना, तसेच चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के कर लागतो. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांना ४० टक्के लागतो, आणि पूर्वीचा वेगळा उपकर आता राहिलेला नाही. तीन रांगांच्या गाड्यांच्या बाबतीत ही रेषा फार महत्त्वाची आहे, कारण काही गाड्या तिच्या अलीकडे आहेत आणि काही पलीकडे. करापूर्वीची किंमत सात लाख रुपये धरली, तर १८ टक्क्यांनी ती ८ लाख २६ हजार होते आणि ४० टक्क्यांनी ९ लाख ८० हजार. म्हणजे दीड लाखाहून अधिक रक्कम केवळ लांबी किंवा इंजिनाच्या आकारामुळे वाढते. त्यामुळे मोठ्या गाडीची जागा तुम्हाला खरोखर लागणार आहे का, हा प्रश्न रुपयांत मांडता येतो.

यादीत कोणत्या गाड्या येतात

अंदाजपत्रक बेताचे असेल तर पर्याय मोजकेच आहेत. त्यांतल्या काहींना एसयूव्ही म्हणतात तर काहींना एमपीव्ही, पण कुटुंबाच्या दृष्टीने या नावांना फारसा अर्थ नाही. बसायला जागा किती आणि खालची मोकळी उंची (गाडीचा तळ आणि रस्ता यांतले अंतर) किती, एवढेच पाहावे.

रेनो ट्रायबर २०१९ पासून बाजारात आहे. तिची लांबी चार मीटरच्या आत आहे, आणि इंजिन ९९९ सीसीचे तीन सिलिंडरचे पेट्रोल आहे. तिचा सर्वांत उपयोगी गुण हा की तिसऱ्या रांगेच्या दोन्ही खुर्च्या पूर्ण काढून घरी ठेवता येतात. तीनही रांगा वापरात असताना डिकीत केवळ ८४ लिटर जागा उरते, आणि मागच्या खुर्च्या काढल्यावर ती ६२५ लिटर होते. रोज चौघे आणि महिन्यातून दोनदा सहा जण असा वापर असेल, तर सर्वांत कमी खर्चात काम भागवणारी गाडी हीच, असे मी निःशंकपणे म्हणेन.

मारुती अर्टिगा २०१२ पासून आहे आणि सध्याची पिढी २०१८ मध्ये आली. तिची लांबी सुमारे ४.४ मीटर आणि इंजिन दीड लिटरचे असल्यामुळे ती ४० टक्क्यांच्या गटात जाते. पण तिच्या तिसऱ्या रांगेत मध्यम उंचीची प्रौढ माणसे दोन-तीन तास बसू शकतात, आणि सर्व रांगा वापरात असतानाही डिकीत २०९ लिटर जागा राहते. टोयोटा रुमियन ही याच गाडीची दुसऱ्या नावाची आवृत्ती आहे. त्यामुळे दोन्हीकडे किंमत आणि प्रतीक्षाकाळ विचारावा.

महिंद्रा बोलेरो आणि बोलेरो निओ या चार मीटरच्या आतल्या दीड लिटर डिझेल गाड्या आहेत आणि मागच्या चाकांवर चालतात. खराब रस्ता, चढ आणि ओझे यांसाठी त्या भरवशाच्या आहेत. पण त्यांची तिसरी रांग म्हणजे समोरासमोरची दोन आडवी आसने असतात. शेतावर किंवा जवळच्या बाजाराला जायला ती चालतात. तीनशे किलोमीटरच्या प्रवासात मात्र आडवे बसलेल्या मुलांना गाडी लागते, आणि लहान मुलाची सुरक्षा-खुर्ची तिथे बसवता येत नाही. कुटुंबातले सहा-सात जण नेहमी लांब जाणार असतील, तर मी या गाड्या सुचवणार नाही.

सिट्रोएन एअरक्रॉसच्या सात आसनी प्रकारातही मागच्या खुर्च्या काढता येतात. तिची खालची मोकळी उंची २०० मिलिमीटर आहे, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर ती निश्चिंतपणे चालते. मात्र तिचे सेवाकेंद्र तुमच्या जिल्ह्यात आहे का, हे आधी पाहावे. किआ कॅरेन्सची लांबी ४,५४० मिलिमीटर आहे आणि तिची तिसरी रांग या सर्वांत मोकळी आहे, पण तिच्यापर्यंत पोहोचताना अंदाजपत्रक बरेच ताणावे लागते.

तिसरी रांग प्रत्यक्ष तपासा

शोरूमला जाताना सगळ्या घराला बरोबर न्या, आणि ज्याला मागे बसायचे आहे त्यालाच मागे बसवा. आम्ही सहा जण एकदम गेलो तेव्हा तिथल्या प्रतिनिधीला नवल वाटले, पण त्या अर्ध्या तासात आम्हाला जे कळले ते माहितीपत्रकांच्या महिनाभराच्या वाचनातून कळले नव्हते.

सर्वांत आधी पुढचे आसन गाडी चालवणाऱ्याच्या उंचीप्रमाणे लावा. मग दुसरी रांग तिथल्या माणसाच्या गुडघ्यांना आराम मिळेल इतकी मागे सरकवा, आणि त्यानंतर तिसऱ्या रांगेत बसा. अनेकदा दाखवण्याच्या गाडीत दुसरी रांग पूर्ण पुढे ओढून ठेवलेली असते, त्यामुळे मागे भरपूर जागा असल्याचा भास होतो. मागे बसल्यावर मांड्या आसनावर टेकतात की गुडघे छातीशी येतात, हे पाहा. छोट्या गाड्यांत तिसऱ्या रांगेचे आसन जमिनीपासून फार कमी उंचीवर असते, आणि मांड्यांना आधार नसेल तर तासाभरात कंबर भरून येते. तिथे दहा मिनिटे बसून राहा, कारण दोन मिनिटांत कोणतेही आसन बरे वाटते.

चढ-उतार वेगळी तपासा. दुसरी रांग एका हाताने दुमडता येते का? आठ वर्षांच्या मुलाला ती आतून उघडून बाहेर पडता येते का? साडी नेसलेल्या बाईला पाय न अडकता आत जाता येते का? दुसऱ्या रांगेत दोन स्वतंत्र खुर्च्या असतील तर मधल्या वाटेने मागे जाणे सोपे होते, पण एक जागा कमी होते. लहान मुलाची सुरक्षा-खुर्ची दुसऱ्या रांगेत कायम बसवलेली असेल, तर ती बाजू दुमडता येणार नाही. म्हणून ती खुर्ची सोबत नेऊन बसवून पाहावी.

मे महिन्याच्या उन्हात मागच्या माणसापर्यंत थंड हवा पोहोचते का, हा पुढचा प्रश्न आहे. तिसऱ्या रांगेसाठी वेगळे झरोके आहेत का, आणि तुम्ही घेणार असलेल्या प्रकारात ते मिळतात का, हे दोन्ही विचारा. स्वस्त प्रकारात ते गाळलेले असू शकतात. गाडी उन्हात उभी असेल तेव्हाच ही तपासणी करणे योग्य, कारण शोरूमच्या थंडाव्यात काहीच कळत नाही.

शेवटी सामान. सात माणसे आणि सात पिशव्या या दोन्ही गोष्टी चार मीटरच्या गाडीत एकत्र मावत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जावे. तुमची नेहमीची मोठी बॅग नेऊन डिकीत ठेवून पाहा. टपावर सामानाची जाळी लावण्याचा विचार असेल, तर वर ठेवलेल्या वजनाने वळणावर गाडी जास्त कलते आणि इंधनही जास्त जाते, हे लक्षात असू द्या. गाडीचे रिकामे वजन आणि पूर्ण भारासहित कमाल वजन यांतला फरक विचारून घ्या. प्रत्येकी ६५ किलोची सात माणसे म्हणजेच ४५५ किलो होतात, आणि सामान त्यावर येते.

भरलेली गाडी चढावर चालवून पाहा

एकट्याने सपाट रस्त्यावर केलेली दोन किलोमीटरची टेस्ट ड्राइव्ह या गाड्यांच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. ट्रायबरचे इंजिन सुमारे ७२ अश्वशक्तीचे आहे आणि अर्टिगाचे सुमारे १०३. रिकाम्या गाडीत हा फरक फारसा जाणवत नाही. सहा माणसे आणि सुरू असलेला एसी घेऊन चढाला लागल्यावर तो स्पष्ट होतो. पुण्याच्या माणसाने कात्रजच्या जुन्या घाटाकडे जायचा आग्रह धरावा, आणि इतरांनी जवळचा कोणताही चढ निवडावा. चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघा. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी कण्हते का, क्लचचा वास येतो का, आणि मालट्रकला मागे टाकायला किती अंतर लागते, हे नोंदवा. कमी शक्तीची गाडी घाट चढत नाही असे नाही. पण ओव्हरटेक करताना चालकाला जास्त संयम ठेवावा लागतो, आणि तो आपल्याकडे आहे का, हे प्रत्येकाने प्रामाणिकपणे ठरवावे.

उतरताना ब्रेकवर लक्ष द्या, आणि खड्ड्यावरून जाताना मागच्या माणसाला काय वाटले ते विचारा. तिसरी रांग मागच्या चाकांच्या जवळपास वरच असल्यामुळे तिथले धक्के चालकाला कळतच नाहीत.

सुरक्षेचे तारे कसे वाचावेत

गाड्यांची धडक-चाचणी घेऊन तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या चाचणीत ट्रायबरला २०२१ मध्ये प्रौढांसाठी चार तारे मिळाले होते. अर्टिगाला २०१९ मध्ये तीन आणि २०२४ मध्ये एक तारा मिळाला, तर बोलेरो निओलाही २०२४ मध्ये एकच मिळाला. हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून निष्कर्ष काढू नयेत, कारण २०२२ मध्ये चाचणीचे निकष बरेच कडक झाले. जुने चार तारे आणि नवे चार तारे सारखे नाहीत. २०२५ मध्ये अर्टिगा आणि ट्रायबर या दोन्ही गाड्यांत सहा एअरबॅग सर्व प्रकारांत देण्यास सुरुवात झाली, म्हणून तुम्ही घेत असलेली गाडी त्या बदलानंतरची आहे ना, याची खात्री करा. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणीही सुरू झाली आहे. तिचा निकाल उपलब्ध असेल तर आधी तो पाहा.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की समोरून होणाऱ्या धडकेच्या या चाचणीत प्रौढांचे पुतळे पुढच्या आसनांवर आणि मुलांचे पुतळे दुसऱ्या रांगेत ठेवतात. तिसऱ्या रांगेबद्दल तारे जवळजवळ काहीच सांगत नाहीत. म्हणून तिथली तपासणी आपणच करावी लागते. दोन्ही आसनांना खांद्यावरून येणारे तीन बिंदूंचे पट्टे आहेत का, डोक्यामागचा आधार वर उचलता येतो का, आणि डोके व मागची काच यांत किती अंतर उरते, हे पाहा. मला स्वतःला हे अंतर फार काळजीचे वाटते. मागून धडक बसली तर वाकायला आणि चेपायला जागा तेवढीच असते. ते वीतभरही नसेल, तर द्रुतगती मार्गावरच्या नेहमीच्या प्रवासासाठी मुलांना तिथे बसवणारी गाडी मी घेणार नाही.

इंधनाचे गणित

वर्षाला १२,००० किलोमीटर धावणारी गाडी पेट्रोलवर प्रत्यक्षात लिटरला १३ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०४ रुपये आहे असे धरले, तर वर्षाचा खर्च सुमारे ९६ हजार येतो. तीच गाडी सीएनजीवर किलोला २० किलोमीटर देते आणि दर ८५ रुपये आहे असे धरले, तर खर्च ५१ हजार होतो. वर्षाला ४५ हजार वाचतात आणि सीएनजी प्रकाराची जास्तीची किंमत दोन-अडीच वर्षांत वसूल होते. धाव ६,००० किलोमीटरच असेल तर त्याला दुप्पट काळ लागतो. हे आकडे तुमच्या गावच्या दराने पुन्हा मांडून पाहा.

पण तीन रांगांच्या गाडीत सीएनजीची खरी किंमत जागेत मोजावी लागते. अर्टिगाची ६० लिटरची टाकी तिसऱ्या रांगेच्या मागे बसते आणि डिकी जवळजवळ संपते. म्हणजे सात माणसे जातील, पण बॅगा टपावर किंवा मांडीवर जातील. रोज शहरात चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला हा सौदा परवडतो. वर्षातून चार वेळा कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला त्याचा दर वेळी पश्चात्ताप होतो.

डिझेलचा विचार केवळ लांब पल्ल्याच्या नियमित धावेसाठी करावा. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषांच्या) डिझेल गाड्यांतली काजळीची गाळणी साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. मुलांना शाळेत सोडून दोन किलोमीटरवर परत येणाऱ्या गाडीत ती तुंबण्याचा संभव असतो.

रस्त्यावर येईपर्यंतची किंमत

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंतच्या किमतीवर ११ टक्के आणि त्यापुढे वीस लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी वाहनकर लागतो, तर डिझेलला अनुक्रमे १३ आणि १४ टक्के लागतो. सीएनजीचा दर १ जुलै २०२५ पासून एका टक्क्याने वाढला, तरी तो पेट्रोलपेक्षा कमीच आहे. दहा लाखांची रेषा इथेही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ९ लाख ९० हजारांच्या पेट्रोल गाडीला १ लाख ८ हजार ९०० रुपये कर होतो, आणि १० लाख १० हजारांच्या गाडीला १ लाख २१ हजार २००. म्हणजे वीस हजारांनी महाग असलेल्या प्रकारासाठी करात आणखी बारा हजार जातात. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने विक्रीच्या वेळीच वसूल करायचा प्राप्तिकर) घेतला जातो, जो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो.

विम्यात नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, आणि त्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. त्यामुळे ९९९ सीसीची गाडी तिथेही स्वस्त पडते. स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र विक्रेत्याकडूनच घेण्याचे बंधन नाही. दोन विमा कंपन्यांकडून भाव मागवून ते विक्रेत्यासमोर ठेवा. विक्रेत्याच्या दरपत्रकात "हाताळणी शुल्क" किंवा न मागितलेल्या ॲक्सेसरीजचा संच दिसला, तर तो लेखी काढून टाकायला सांगा.

कर्ज घेताना केवळ हप्ता पाहू नका. नऊ टक्के व्याजाने आठ लाख रुपये पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १६,६०० रुपये आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार होते. सात वर्षांसाठी हप्ता १२,९०० पर्यंत उतरतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जाते. पाच वर्षांचा हप्ता झेपत नसेल, तर कर्जाची मुदत वाढवण्याऐवजी गाडीचा खालचा प्रकार घ्यावा.

जुनी गाडी घेत असाल तर

कमी पैशांत मोकळी तिसरी रांग हवी असेल, तर तीन-चार वर्षे वापरलेली अर्टिगा हा उत्तम मार्ग आहे. या गाड्या टॅक्सी म्हणून भरपूर धावतात, म्हणून आरसीचा इतिहास तपासा. पूर्वी पिवळ्या पाटीवर चाललेली गाडी खासगी करून विकायला काढली असेल, तर मीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. अधिकृत सेवाकेंद्रातली नोंद मागा. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाड्याही बाजारात येतात. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये महाड-चिपळूणमध्ये काय झाले, ते आपण पाहिले आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्यावर मातीची रेघ आहे का ते पाहा, आणि स्टेपनीच्या खोबणीत व आसनांच्या रुळांवर गंज शोधा. कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ व ३० आणि आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५, तसेच थकलेल्या ई-चलनांची स्थिती हे सर्व पैसे देण्याआधी हातात असावे.

ताब्यात घेण्याआधी

नवी गाडी पासिंगला जाण्याआधी तिची तपासणी करू देण्याची अट बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या, कारण एकदा तुमच्या नावावर नोंद झाली की गाडी बदलून मिळणे जवळजवळ अशक्य असते. चॅसिस क्रमांक, उत्पादनाचा महिना आणि टायरवर छापलेला उत्पादनाचा आठवडा जुळवून पाहा. तिसऱ्या रांगेचे पट्टे ओढून पाहा, ती रांग दोनदा दुमडून उघडा, आणि मागचा एसी सुरू करून हात लावून पाहा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचे दोन आकडे लिहिलेले असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. त्या पाटीचे छायाचित्र फोनमध्ये ठेवा आणि सात जणांना घेऊन गावी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या आकड्याप्रमाणे हवा भरून घ्या.